अंदमानची सहल : कोणता महिना, किती बेटे आणि आईला बोटीचा प्रवास झेपेल का?

काळीमाती (वणी तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. आमच्या घरातील कोणीही आजवर समुद्र पाहिलेला नाही. वर्धा आणि पैनगंगा या नद्या, गावचा तलाव आणि उन्हाळ्यात कोरडा पडणारा नाला एवढीच आमची पाण्याशी ओळख आहे. यंदा मात्र आई, पत्नी आणि नववीत शिकणारी मुलगी यांना घेऊन अंदमानला जाण्याचे ठरवले आहे. मुलीला प्राणी-पक्ष्यांची विशेष आवड असून ताडोबाची सफारी झाल्यापासून ती समुद्री जिवांविषयीच वाचत असते. आई साठी ओलांडलेली आहे, तिचे गुडघे दुखतात आणि एसटीने घाटातून जातानाही तिला मळमळते.

एका सहल कंपनीने सहा दिवसांचा कार्यक्रम पाठवला आहे. त्यात रोज पहाटे निघणे, रोज नवे ठिकाण आणि जवळपास रोज नवे हॉटेल आहे. वर्षभर शेतीच्या मागे धावून झाल्यावर सहलीतही धावायचे असेल तर घरीच बसलेले बरे, असे पत्नीचे म्हणणे आहे आणि मला ते पटते. शाळेची मोठी सुट्टी मे महिन्यात असते, तेव्हा शेतातही काम कमी असते. परंतु तो काळ तिकडे योग्य आहे का? किती बेटे पाहावीत, आईला बोट कितपत झेपेल आणि वन्यजीव म्हणून तिथे प्रत्यक्षात काय दिसते, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

वर्धाकाठ

मे महिना टाळावा. 'मान्सून अंदमानात दाखल' या ज्या बातमीकडे आपण सारे शेतकरी कान लावून बसतो, ती मेच्या उत्तरार्धातीलच असते. आपल्याला ती पेरणीची आशा देते, पण तिथे गेलेल्या पर्यटकाला समुद्र खवळल्याची आणि बोट रद्द झाल्याची सूचना देते. अंदमानात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या यवतमाळच्या जवळजवळ तिप्पट, आणि नैऋत्य मान्सून परतल्यावर ईशान्य मान्सूनच्या सरी तसेच बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचे सावट डिसेंबरपर्यंत राहते. त्यामुळे दिवाळीची सुट्टीही भरवशाची नाही. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत समुद्र सर्वांत शांत आणि पाणी सर्वांत नितळ असते. तुरीची मळणी आटोपून हरभरा कापणीला यायच्या आधी जे आठ-दहा दिवस मिळतात, ते मुलीच्या शाळेची रजा काढून वापरावेत. नववीच्या वार्षिक परीक्षेला तेव्हा पुरेसा अवधी असतो.

जाण्यासाठी नागपूरहून विमानाने कोलकाता, हैदराबाद किंवा बेंगळुरू गाठून तिथून पुढचे विमान घेता येते. खर्च वाचवायचा असेल तर सेवाग्राम किंवा चंद्रपूरहून रेल्वेने चेन्नई, अथवा वर्ध्याहून हावडा गाठावे आणि तिथून विमान घ्यावे. कोलकाता किंवा चेन्नईहून विमानाला दोन-सव्वादोन तास लागतात. चेन्नईहून जहाजही जाते, परंतु त्याला सुमारे तीन दिवस लागतात आणि मळमळणाऱ्या माणसासाठी तो पर्याय नव्हेच. रेल्वे आणि विमान यांच्यामध्ये एक रात्र मोकळी ठेवावी, कारण गाडीला उशीर झाला म्हणून विमान थांबत नाही.

नावांचा गोंधळ होऊ देऊ नये. २०१८ मध्ये हॅवलॉकचे स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि रॉस बेटाचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले, तर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. मात्र हॉटेलवाले आणि टॅक्सीवाले अजून सर्रास जुनीच नावे घेतात. खाली मीही ती मिसळून वापरली आहेत.

माझ्या मते श्री विजयपुरम, हॅवलॉक आणि नील एवढेच करावे, आणि त्यातही हॅवलॉकला सर्वांत जास्त दिवस द्यावेत. सेल्युलर जेल अर्थातच चुकवू नये. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. १९११ मध्ये सावरकरांना जिथे आणले ती कोठडी वरच्या मजल्यावर असल्याने आईंना पायऱ्या चढाव्या लागतील, हे लक्षात ठेवावे. बाकी वेळ किनाऱ्यावर घालवावा. राधानगरचा किनारा हॅवलॉक जेट्टीपासून रस्त्याने साधारण अर्ध्या तासावर आहे, मागे उंच झाडांची गर्द सावली आहे आणि आईंना तिथे नुसते बसूनही दिवस कमी पडेल. मात्र सूर्य लवकर मावळतो. ही बेटे आपल्यापेक्षा बरीच पूर्वेला आहेत, घड्याळ मात्र तेच आहे, त्यामुळे हिवाळ्यात साडेपाचच्या आतच सूर्य बुडतो आणि थोड्याच वेळात काळोख होतो. म्हणून कोणताही कार्यक्रम दुपारनंतर ठेवू नये; सकाळी लवकर निघून दुपारी परतावे.

पळसफूल (चंद्रपूर, निवृत्त जीवशास्त्र शिक्षक)

वन्यजीवांविषयी मी लिहितो. ताडोबाची सवय असलेल्या माणसाने प्रथम हे मनाशी ठरवावे की अंदमानात वाघ नाही, बिबट्या नाही, अस्वलही नाही. गंमत म्हणजे चितळ मात्र आहे. इंग्रजांनी तो तिथे नेऊन सोडला आणि त्याला खाणारे कोणी नसल्याने तो इतका वाढला की जंगलातील कोवळी रोपे तो टिकू देत नाही. रॉस बेटावर पडक्या इमारतींमधून हे चितळ इतके निर्धास्त फिरतात की पर्यटकाच्या हातातील पाव घ्यायला पुढे येतात. आपण तो देऊ नये, एवढेच.

खरे वन्यजीवन पाण्याखाली आहे आणि ते पाहायला पोहता येण्याची गरज नाही. हॅवलॉकच्या जेट्टीवरून लहान बोटीने अर्ध्या तासाच्या आत एलिफंट बीचला पोहोचता येते. तिथे लाइफ जॅकेट आणि तोंडावर काच बांधून, मार्गदर्शकाचा हात धरून, कंबरभर पाण्यापासून पुढे तरंगत जायचे असते. डोके पाण्यात घातल्याबरोबर प्रथम ऐकू येतो तो बारीक कुरकुर आवाज. हिरव्या-निळ्या रंगाचा पोपटमासा आपल्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडत असतो. तो पोटात गेलेला चुना बारीक वाळू होऊन बाहेर पडतो आणि प्रवाळी किनाऱ्यावरील पांढऱ्या वाळूचा काही भाग असाच तयार झालेला असतो. खडकात अडकून बसलेला मोठा शिंपला निळ्या-जांभळ्या मखमली ओठांनी उघडा दिसतो आणि आपली सावली पडताच आक्रसतो. समुद्रफूल या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या विषारी बोटांमध्ये नारिंगी विदूषक मासा निर्धास्तपणे आत-बाहेर करतो, कारण त्याच्या अंगावरील बुळबुळीत थरामुळे त्याला ते विष बाधत नाही. तुमच्या मुलीने हे सारे पुस्तकात पाहिले असेलच, तरी तिला घाई करू देऊ नये. एकाच खडकावर दहा मिनिटे स्थिर राहिले तर जितके दिसते, तितके भराभर फिरून दिसत नाही.

आईंसाठी श्री विजयपुरमजवळच्या वंडूरहून जॉली बॉयला जावे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातील हे बेट साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत खुले असते, सोमवारी बंद असते आणि वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत त्याच्याऐवजी रेड स्किन बेट उघडतात. तिथे काचेच्या तळाच्या बोटीत बसून कपडे न भिजवता प्रवाळ पाहता येतो. प्लास्टिकबाबत तिथे अत्यंत कडक शिस्त आहे, त्यामुळे घरच्या चिवड्याचे पाकीट स्टीलच्या डब्यात रिकामे करूनच निघावे.

नीलवर भरतपूरचा उथळ किनारा आहे आणि लक्ष्मणपूरजवळ समुद्राने कोरलेली खडकाची नैसर्गिक कमान आहे. ती कमान ओहोटीलाच पाहावी. पाणी मागे सरले की खडकांतील डबक्यांमध्ये समुद्रकाकड्या, तारामासे आणि खेकडे अडकून राहतात. घरात पंचांग असेलच; अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण येते तेव्हा ओहोटीही दूरवर जाते, म्हणून नीलचा मुक्काम त्या तिथींजवळ आला तर उत्तम. नेमकी वेळ हॉटेलात विचारावी. डबक्यात पाय ठेवू नये आणि शंख, शिंपले किंवा मेलेला प्रवाळही पिशवीत घालू नये. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि परतताना विमानतळावर सामान तपासले जाते.

आता जे दिसणार नाही, तेही सांगतो. समुद्रात पोहणाऱ्या हत्तीचे छायाचित्र जाहिरातींत अजून छापतात. तो राजन नावाचा हत्ती २०१६ मध्येच मरण पावला. ड्यूगॉंग (समुद्री गाय) हा बेटांचा राज्यप्राणी आहे, पण तो दिसणे फार दुर्मीळ आहे. कासवे अंडी घालायला येतात तो कालीपूरचा किनारा उत्तरेला दिगलीपूरजवळ आहे आणि आईंना घेऊन तेवढा प्रवास करू नये. खाऱ्या पाण्यातील मगर मात्र खरोखर आहे, म्हणून जिथे इशाऱ्याचा फलक असेल त्या पाण्यात पायसुद्धा घालू नये.

संत्राबाग

समुद्रच पाहायचा असेल तर तारकर्ली, मालवण काय वाईट आहे? तिथेही स्नॉर्केलिंग (तोंडावर काच बांधून पाण्यावर तरंगत खालचे पाहणे) होते, डॉल्फिन दिसतात आणि भाषाही आपलीच आहे.

वर्धाकाठ

तारकर्ली चांगलीच आहे, पण वणीहून तेही महाराष्ट्राचे दुसरे टोक आहे आणि तिथे पाणी अंदमानइतके नितळ नसते. भाषेची अडचण अंदमानातही नाही. तिथे बंगाली, तमीळ, तेलुगू आणि रांचीकडून आलेल्या कुटुंबांची वस्ती आहे आणि सर्वांची आपसातली बोली हिंदी आहे.

सिरोंचाकर

तुमच्या कंपनीच्या कार्यक्रमात बहुधा बारतांग हे बेटही असेल. तिथल्या चुनखडीच्या गुहा पाहण्यासारख्या आहेत आणि खारफुटीच्या अरुंद खाडीतून जाणारी बोटही सुंदर आहे, हे मान्य. परंतु तिकडचा नेहमीचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. जिरकाटांग नाक्यावरून वाहनांचा ताफा ठरावीक वेळी पोलिसांसह सोडतात. वाटेत थांबणे, छायाचित्र काढणे, खायला देणे हे सारे गुन्हे आहेत. त्या भागातील हा रस्ता बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच दिला होता, तरी ताफे चालू राहिले. भामरागडकडे माडिया पाड्यांत गाडी थांबवून बायाबापड्यांचे फोटो काढणारे लोक आम्ही पाहिले आहेत, त्यामुळे जारवा दिसतील या आशेने काचेला नाक लावून बसलेल्या ताफ्यात मला जावेसे वाटले नाही. शिवाय त्यासाठी पहाटे तीन-चारला उठावे लागते आणि तुम्हाला तर विश्रांती हवी आहे. खारफुटी हॅवलॉकलाही आहे. तिथे मार्गदर्शकासह कयाकमधून (वल्ह्याच्या लहान होडीतून) खाडीत शिरता येते, आणि अंधाऱ्या रात्री वल्हे मारताच पाण्यातील सूक्ष्म जीव निळसर चमकतात.

पळसफूल

सिरोंचाकर यांच्याशी सहमत आहे. फक्त ती चमक पाहायची असेल तर अमावस्येजवळची रात्र हवी; पौर्णिमेच्या चांदण्यात ती जवळजवळ दिसत नाही. नीलची ओहोटी आणि ही चमक, दोन्ही साधायचे असतील तर अमावस्याच निवडावी.

काळीमाती

सर्वांचे मनापासून आभार. मे महिना आणि बारतांग दोन्ही रद्द केले. फेब्रुवारीतील अमावस्या धरून तारखा काढतो. पंचांगाचे नाव निघाल्यामुळे आईलाही बेत पसंत पडला. आता दोनच शंका उरल्या आहेत. मोठ्या बोटीत तिला मळमळणार नाही यासाठी काय करावे, आणि मुलगी स्कूबासाठी (पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली उतरण्यासाठी) हट्ट धरून बसली आहे, ते सुरक्षित आहे का?

वर्धाकाठ

श्री विजयपुरमहून हॅवलॉकला खासगी बोटीने साधारण दीड-दोन तास लागतात, सरकारी फेरीला थोडे अधिक. हॅवलॉक ते नील तासाभराचा प्रवास आहे. एसटीत मागच्या सीटवर धक्के जास्त बसतात, बोटीत त्याच्या उलट पुढचा भाग जास्त उसळतो. म्हणून आईंना मध्यभागी किंवा मागे, खालच्या मजल्यावर बसवावे. सकाळची पहिली बोट घ्यावी, कारण दुपारनंतर वारा वाढतो. मळमळ थांबवणारी गोळी बोट सुटण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते, त्रास सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. कोणती गोळी घ्यावी हे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनाच विचारावे. उपाशीपोटी बसवू नये, तेलकटही देऊ नये. पोळी किंवा साधी बिस्किटे पुरेत.

स्कूबा पोहता न येणाऱ्यांनाही करता येते, कारण प्रशिक्षक सतत सोबत असतो आणि खोलीही बेताची असते. दमा, कानाचा त्रास किंवा सर्दी असेल तर मात्र करू नये, आणि आरोग्याचा जो अर्ज भरून घेतात त्यात काहीही लपवू नये. पाण्याखाली दाबामुळे रक्तात जादा नायट्रोजन विरघळतो. तो हळूहळू निघून जाण्याआधी विमानात बसले तर त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून स्कूबा आणि विमान यांच्यात किमान पूर्ण एक दिवस हवा. मुलीचे स्कूबा हॅवलॉकच्या पहिल्या सकाळी उरकावे आणि नील त्यानंतर ठेवावे.

बोटीच्या तिकिटासाठीही ओळखपत्र लागते. आईंच्या आधार कार्डावर नाव कसे छापले आहे ते आताच तपासून सगळी तिकिटे त्याच नावाने काढावीत. थोडी रोख रक्कमही जवळ ठेवावी, कारण लहान बेटांवर नेटवर्क कधीही जाते.