रिसेप्टरला मराठीत काय लिहायचं, ग्राहक की ग्राही?

रानजाई: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर बायकांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय, त्यात इस्ट्रोजेन रिसेप्टर (इस्ट्रोजेन या हॉर्मोनला धरणारं पेशीतलं प्रथिन) आलाय. एका ठिकाणी 'ग्राहक' सापडलं म्हणून लिहिलं 'निरोगी ऊतींमध्ये संप्रेरकाचे ग्राहक असतात, कॅन्सरच्या ऊतींमध्ये ते कमी होतात'. आईने वाचलं आणि म्हणाली, दुकान बसलं का काय?

शब्दपाखरू: 😄 ग्राहकाचंच गिऱ्हाईक झालंय, तो शब्द आता बाजारातून परत यायचा नाही. ग्राही घ्या. ग्रह् म्हणजे धरणे, आणि रिसेप्टर तेवढंच करतो, हॉर्मोनला धरतो. संप्रेरक मात्र झकास जमलेला शब्द आहे, स्टार्लिंगने १९०५ मध्ये हॉर्मोन हे नाव रूढ केलं तेही चेतवणे अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरूनच.

वैद्यकाका: आमच्यात ग्राही म्हणजे सुंठ, जिरं, जुलाब बांधणारं औषध. पण इथे कोणी गोंधळणार नाही, चालू द्या.

लॅबवाली: शब्दापेक्षा तुझं वाक्य घोळ घालतंय गं. ऊतींमध्ये म्हणजे नक्की कुठे? गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या बाजूला चपट्या पेशींचे थर असतात, त्यात इस्ट्रोजेनचे ग्राही मुख्यतः तळाच्या थरांत, वर पिकत गेलेल्या पेशींत फारसे नाहीत, आणि खालच्या आधार देणाऱ्या ऊतीतही असतात. चपट्या पेशींचा कॅन्सर झाला की बहुतेक वेळा कॅन्सरपेशींतले ग्राही जातात पण आजूबाजूच्या आधार-ऊतीत ते टिकलेले दिसतात, म्हणजे एकाच तुकड्यात आहेतही आणि नाहीतही! म्हणून तिथे 'कॅन्सरपेशींमध्ये' असंच लिही. आणि कृपा करून पेशीच्या दारावरचं कुलूप वगैरे उपमा नको, हे ग्राही बहुतेक केंद्रकात असतात, तपासणीत रंग दिल्यावर स्लाइडवर केंद्रकच तपकिरी दिसतं.

रानजाई: बरं झालं सांगितलंस, कुलूप-किल्ली लिहून झालं होतं 🙈 आणि रिसेप्टर पॉझिटिव्हला सकारात्मक?

लॅबवाली: नको गं बाई, कॅन्सर सकारात्मक कसा असेल! 'ग्राही आढळले' बास. हेही लिही की स्तनाच्या कॅन्सरमध्ये यावरून टॅमॉक्सिफेनसारखी हॉर्मोनची औषधं ठरतात, इथे तसं नेहमीचं नाही, इथे मूळ कारण एचपीव्ही विषाणू. आम्ही ही तपासणी करतो ती जास्त करून ग्रंथीपेशींचा कॅन्सर गर्भाशयाच्या अस्तरातून आलाय की मुखातून हे ओळखायला. अस्तरातल्यात ग्राही बहुधा सापडतात, मुखातल्यात बहुधा नाहीत, आणि एकट्या त्याच्यावर आम्ही विसंबत नाही, पी१६ नावाचं प्रथिन पण बघतो.

शब्दपाखरू: जाता जाता, नुसतं सर्व्हायकल लिहू नका, आमच्या शेजारच्या काकांना वाटलं मानेच्या पट्ट्याचं काहीतरी. तसे ते चुकले नाहीत म्हणा, लॅटिनमध्ये सर्व्हिक्स म्हणजे मानच, हिंदीवाले म्हणूनच ग्रीवा म्हणतात. आपण मात्र मुख म्हणतो.

रानजाई: गर्भाशयमुखच ठेवते, बायका पिशवीचं तोंड म्हणतातच. ग्राहीचं अनेकवचन काय?

शब्दपाखरू: ग्राहीच. एक ग्राही, दहा ग्राही, हत्तीसारखं.