प्रति: डॉक्टर ओरडतात म्हणून रूट कॅनाल अर्धवट सोडलंय

ताई, दुखतंय म्हटल्यावर "लहान मुलंही करून घेतात" असं ऐकवणाऱ्या डॉक्टरकडे परत जाऊच नका. एक्स-रे आणि झालेल्या कामाची नोंद तेवढी मागून घ्या, नव्या डॉक्टरला लागेल. पण काम अर्धवट ठेवू नका. तात्पुरतं सिमेंट झिजलं की आत पुन्हा जंतू शिरतात.

आणि ते दुखणं मनाचे खेळ नव्हेत. नस सुजलेली असली की भूल नीट चढत नाही, विशेषतः खालच्या दाढेला. सरळ आणखी भूल मागायची. इंजेक्शननंतर छातीत धडधडतं ते बऱ्याचदा औषधात मिसळलेल्या ॲड्रेनलिनमुळे, थोड्या वेळात उतरतं. कोथरूडच्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी हे आधीच सांगितलं, तिथेच माझी निम्मी भीती गेली. त्या आधी हिरडीला जेल लावतात, औषध अगदी सावकाश सोडतात, आणि डावा हात वर केला की ड्रिल बंद! हे सगळं खुर्चीत आडवं व्हायच्या आधी ठरवून घ्या. समोरच्याच्या कपाळाला आठ्या पडल्या तर उठून या. पुण्यात दातांच्या दवाखान्यांना तोटा नाही (पार्किंगला आहे).

सकाळची पहिली वेळ घ्या, पोहे-बिहे खाऊन जा. उपाशीपोटी चक्कर येते नि खापर भुलेवर फुटतं.