बालवाडीच्या बाईंची माया: रक्तातली की वर्गातली?

रानजाई

काल बालवाडी कशी निवडावी म्हणून कुणीतरी विचारलं होतं. त्याला आलेलं उत्तर: "बाई मायाळू आहेत का एवढंच बघा. माया रक्तात असते, ती कोर्स करून येत नाही." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते वाचून संताप आला, म्हणून हा वेगळा धागा.

या वाक्यामुळे बाई सोडून बाकी सगळे सुटतात. बाई ओरडली तर तिचा स्वभाव वाईट, विषय संपला. वर्गात किती मुलं आहेत, नळ किती आहेत, हे कुणी विचारतच नाही.

खाऊच्या आधीचं हात धुणंच घ्या. एका मुलाला 40 सेकंद धरले तर 25 मुलांना एका नळावर जवळजवळ 17 मिनिटं लागतात. तीन वर्षांचं मूल रांगेत दोन मिनिटं उभं राहील, मग पुढच्याला ढकलणारच. पुढचं रडतं, मागचं बाहेर पळतं, आणि बाई ओरडते. रोज, त्याच वेळी. आता रांगच मोडा. मुक्त खेळ चालू ठेवायचा, मदतनीस ताईंनी नळापाशी थांबून पाच-पाच जणांना बोलवायचं, बाई खेळातच बसलेली. खाली तोटी लावलेली एक बादली जादा ठेवली की वेळ निम्मा होतो. तीच बाई, तेच रक्त, ओरडणं मात्र थांबतं.

दुसरं, "मुलाकडे लक्ष देणं" म्हणजे नेमकं काय, हे शिकवता येतं. पाटावर बसून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला यायचं. आधी नाव घ्यायचं, मग बोलायचं. प्रश्न विचारला की मनात पाच आकडे मोजायचे, कारण त्या वयात उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागतो आणि बहुतेक बाया दुसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देऊन मोकळ्या होतात. "रडू नको" ऐवजी "तुला आई हवीय ना" म्हणायचं. आणि रोज ठरवून पाच मुलांबद्दल वहीत एकेक ओळ लिहायची: कुणाशी खेळलं, कशाला घाबरलं, काय खाल्लं नाही. पाच दिवसांत 25 मुलं होतात. ही वही नसेल तर फक्त रडणारी आणि मारणारी मुलं बाईच्या लक्षात राहतात. जे मूल कोपऱ्यात गुपचूप मणी ओवत बसतं, त्याला "शहाणं" म्हणतात आणि वर्षभर त्याच्याशी कुणी बोलत नाही.

खडीसाखर

ते उत्तर माझंच होतं आणि मी त्यावर ठाम आहे.

एकाच बीटमधल्या, म्हणजे एकाच पर्यवेक्षिकेच्या हाताखालच्या, दोन अंगणवाड्या घ्या. प्रशिक्षण एकत्र झालेलं, खेळण्यांचा संच तोच, पटही सारखाच. एकीकडे बाई आल्या की पोरं पदराला लोंबकळतात, दुसरीकडे उंबऱ्यावर थबकतात. हा फरक वहीतल्या ओळींनी पडतो का? शिकवलेली माया ओळखू येते. बाई पाटावर बसते, नाव घेते, वाक्यही बरोबर म्हणते, पण नजर दुसरीकडे आणि हात ताठ. पोराला हात बरोबर कळतो.

निवड करतानाच बघायला हवं. उमेदवार बाईला तासभर मुलांत सोडा. शेंबूड आलेलं पोर जवळ आलं तर ती आपणहून पुसते की इकडेतिकडे कुणाला शोधते, एवढं पुरे आहे.

पाटीपुस्तक

दोघांचंही बाजूला ठेवा. अंगणवाडीची योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, ती सहा सेवांची. पूर्वप्राथमिक शिक्षण ही त्यातली फक्त एक. बाकीच्यांत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडली तर मोठ्या दवाखान्यात पाठवणं), आरोग्य-पोषण शिक्षण. त्यावर वजन-उंची, गृहभेटी, सर्वेक्षणं, आणि कित्येक ठिकाणी मतदार यादीचं बीएलओचं, म्हणजे बूथ पातळीवरच्या अधिकाऱ्याचं, काम. 2021 पासून पोषण ट्रॅकर हे नोंदींचं मोबाईल ॲप. घरपोच आहार द्यायचा तर लाभार्थीचा चेहरा जुळवायचा. नेटवर्क नसलं की तोच फोटो पुन्हा पुन्हा, बाहेर बायांची रांग.

मूल चित्र दाखवायला येतं तेव्हा बाईची नजर मोबाईलवर असते. "हो हो, छान" म्हणते, वर बघत नाही. दोन-तीनदा असं झालं की ते मूल चित्र दाखवायला येणं बंद करतं. यात कुठला स्वभाव शोधणार? आणि हे सगळं पगारावर नाही, मानधनावर. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ऐकायलासुद्धा 2022 साल उजाडावं लागलं, तेही सर्वोच्च न्यायालयाकडून. आधी बाईला माया मिळू द्या, मग तिच्याकडे मागा.

रानजाई

पाटीपुस्तक, पटलं. फक्त एक भर: मोबाईलचं काम मुलं घरी गेल्यावरच, असं जिथे पर्यवेक्षिका स्वतः ठरवून देते तिथे सकाळचे दोन तास वाचतात. अडचण अशी की नोंद किती वाजता पडली, ते वरून बघतात.

कडुलिंब

चर्चा सगळी अंगणवाडीची चाललीय. खासगी नर्सरीत ॲप नाही, सर्वेक्षण नाही, तरी बाया तिथेही चिडतात. कारण पालक. जूनचा पहिला पंधरवडा आठवा. आई दारात रेंगाळते, डोळे पुसते, परत मुका घ्यायला येते, आणि पोर अर्धा तास आकांत करतं. मूल खेळण्यात रमलं की आईने गुपचूप निघून जावं. दहा मिनिटांत शांत होतं. बाईची निम्मी चिडचिड तिथेच संपेल.

माजघर

गुपचूप? कडुलिंब, हा सल्ला कृपा करून पुन्हा देऊ नका.

मूल त्या दिवशी दहा मिनिटांत शांत होतं हे खरं. पण त्यातून ते काय शिकलं? खेळण्याकडे पाहिलं की आई नाहीशी होते. दुसऱ्या दिवशी ते खेळण्याकडे पाहतच नाही. एका हातात आईची ओढणी, नजर दारावर. तिसऱ्या दिवशी घरीसुद्धा आई मोरीत गेली तरी मागे जातं. रात्री दचकून उठतं. आणि बाईवरचा विश्वास जातो तो वेगळाच, कारण "आई इथेच आहे हं" असं खोटं तीच बोललेली असते.

सांगून जायचं, पण नीट. पहिले दोन दिवस आई वर्गात, पाऊण तास, भिंतीला टेकून. खेळ काढून द्यायचा नाही, मूल आलं तर मांडीवर घ्यायचं. तिसऱ्या दिवशी आई बाहेर ओट्यावर, दार उघडं. चौथ्या दिवशी दहा मिनिटं खरंच निघून जायचं. जाताना एकच वाक्य, रोज तेच, आणि त्यात घड्याळ नको: "खिचडी खाऊन झाली की मी येते." मूल नेहमी त्याच बाईच्या हातात द्यायचं. मग वळून बघायचं नाही. आणि खिचडी झाली की दारात हजर. पाच मिनिटं उशीर झाला तर आधीचे चार दिवस वाया.

कडुलिंब

कागदावर सुंदर. तीनशे चौरस फुटांच्या खोलीत 25 मुलं, 25 आया, दोन बाया. बसायचं कुठे? एक आई थांबली की शेजारचं पोर आपल्या आईसाठी पेटतं. आणि नोकरी करणाऱ्या आईला चार दिवस रजा कोण देतं? ती नवव्या मिनिटाला रिक्षात असते. तुमचं सगळं गणित मोकळा वेळ असलेल्या आईचं आहे.

माजघर

मग आजी येऊ दे, मावशी येऊ दे. माणूस ओळखीचं हवं, आईच हवी असं मी कुठे म्हटलं? गैरसोय संस्थेची आणि किंमत मोजायची तीन वर्षांच्या पोराने, हे मला मान्य नाही.

कडुलिंब

पोराची किंमत मलाही कळते. पंधरा-पंधरा दिवस रडून उलट्या करणारी पोरं मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाया माझ्या समोर असतात. त्यांच्या बाजूने बोललं की लगेच संस्थेची गैरसोय!

रानजाई

थांबा दोघं. चूक एकाच दिवशी 25 जणांना बोलावण्यात आहे. दर दोन दिवसांनी पाच नवीन मुलं घ्या. दहा दिवसांत वर्ग भरतो आणि एका वेळी खोलीत पाचच नवे पालक. पहिल्या पाचांत मागच्या वर्षीच्या मुलांची भावंडं घ्यायची, त्यांना जागा ओळखीची असते. ती आधी रुळतात आणि पुढच्यांना खेळ दाखवतात. आईचा वापरलेला रुमाल मुलाच्या खिशात द्यायचा, धुतलेला नाही, वासाचा. आणि दोन बायांनी मुलं वाटून घ्यायची: हे तेरा तुझे, हे बारा माझे. "दोघी मिळून सगळ्यांना बघू" म्हटलं की रडणारं मूल या मांडीवरून त्या मांडीवर फिरतं, आणि ओळख कुणाशीच होत नाही.

खान्देशी

मुद्दा भलतीकडे गेलाय, पण आई गेल्यावर मूल कुठल्या भाषेत रडतं तेही बघा की. धुळ्याकडचं पोर म्हणतं, "माले घर जानं शे." बाई म्हणते, "नीट बोल, मला घरी जायचं आहे असं म्हण." एवढ्या दुःखात त्याचं व्याकरण सुधारतात! त्या पोराला दोन गोष्टी एकदम कळतात: आई नाही, आणि आईची भाषाही इथे चालत नाही. मग ते सहा महिने तोंड उघडत नाही आणि शेरा पडतो, "मूल मंद आहे, प्रतिसाद देत नाही."

प्रतिसाद बाईने द्यायचा असतो. "घर जानं शे का? माय ई, खिचडी खाई लेऊ" (घरी जायचंय का? आई येईल, खिचडी खाऊन घेऊ) एवढं तिला त्याच्या बोलीत म्हणता आलं पाहिजे. मराठी नंतर येते, आपोआप येते. पावरी, भिली, गोंडी बोलणाऱ्या पोरांचं तर याहून अवघड, तिथे बाईला एक शब्द कळत नाही. निदान वीस शब्द तरी पाठ करा: तहान, भूक, शी, शू, दुखतंय, आई, घर, भीती, झोप, हवं, नको... गावातल्या आजीकडून दोन दिवसांत होतात.

खडीसाखर

हे मात्र मी मानते. मायाळू बाईसुद्धा इथे चुकते, कारण तिला वाटतं ती पोराचं भलंच करतेय. म्हणजे नुसती माया पुरत नाही, एवढं रानजाईंना देते. त्याहून जास्त नाही.

पण बालवाड्या खेड्यापाड्यांत नेणाऱ्या ताराबाई मोडकांचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? 1945 ला डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या, 1957 ला कोसबाडला. पोरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. अनुताई वाघ जन्मभर सोबत. हे कुठल्या मॉड्यूलमध्ये होतं? ती ओढ आतली होती.

रानजाई

खडीसाखर ताई, ओढ आतली होतीच, ते मी नाकारत नाही. पण ताराबाई गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला दक्षिणामूर्ती या संस्थेत काम शिकून आल्या होत्या. 1926 ला नूतन बालशिक्षण संघ निघाला, त्यातून शिक्षिका घडवायला सुरुवात झाली. माया आपोआप येते असं त्यांना वाटलं असतं तर अध्यापन मंदिरं कशाला काढली असती?

पाटीपुस्तक

आणि 2013 च्या राष्ट्रीय धोरणात 3 ते 6 वयासाठी 20 मुलांमागे एक मोठं माणूस, तीनच्या आतल्यांसाठी 10 मागे एक, असं लिहिलंय. ते पाळा आणि मग बघा किती बायांच्या रक्तात माया निघते.

कडुलिंब

20 मागे एक ठेवलं तर फी वाढते आणि मग हेच पालक स्वस्तातली, चाळीस पोरांची नर्सरी शोधतात. तो वाद वेगळा.

पाच-पाच मुलं घ्यायचं मात्र जमण्यासारखं आहे. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ मागणाऱ्या पालकांना तोंड द्यावं लागेल, पण प्रवेशाच्या वेळीच तारीख लिहून दिली तर भांडण कमी होईल. गुपचूप जाण्याबद्दल मी अजून पूर्ण तुमच्या बाजूचा नाही. पण "आई इथेच आहे" हे बायांनी म्हणायचं नाही, ते ठीक. आता हे सांगा: जूनमध्ये रुळलेली पोरं दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा रडतात, तेव्हा काय करायचं? पुन्हा आठवडा?

माजघर

नाही, एक-दोन दिवस पुरतात. शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी आईने मुलाला फाटकापर्यंत चालवत आणायचं, आत काय काय आहे ते त्यालाच सांगू द्यायचं. उघडल्या दिवशी खेळणी सुट्टीआधी होती त्याच जागी हवीत, मांडणी बदलायची ती आठवड्यानंतर. बाई तीच, वाक्य तेच, खिचडीचं. पहिल्या दिवशी अर्ध्या वेळेत सोडा. सुट्टीत घरात बाळ आलं असेल किंवा आजोबा गेले असतील तर मात्र पुन्हा ओट्यापासून सुरुवात, आणि ते बाईला दारातच विचारावं लागतं. पोर सांगत नाही.