'चिनी बोलणारे परदेशी': एक शब्द हवा आहे

ओवी: अनुवादात अडकले आहे. मूळ लेख बीजिंगमध्ये राहणाऱ्या, जन्माने चिनी नसलेल्या पण चिनी अस्खलित बोलणाऱ्या लोकांवर आहे. ही मंडळी लेखात सतरा वेळा येतात. मी 'चिनीभाषक परदेशी' लिहिलं. मुद्रितशोधकांनी त्याचं 'चिनी भाषिक परदेशी नागरिक' केलं. मग पान लावणाऱ्याला मथळ्यात जागा पुरेना, त्याने 'भाषिक' उडवलं. आता मथळा आहे 'चिनी परदेशी नागरिक'. अर्थ बरोबर उलटा! एका शब्दात काही बसतंय का? गुरुवारी पान जातं.

जुनाजाणता: 'भाषक'च बरोबर. 'भाषिक' म्हणजे भाषेसंबंधीचं: भाषिक वाद, भाषिक अस्मिता. बोलतो तो भाषक. वर्तमानपत्रांनी 'मराठी भाषिक' लिहून लिहून सगळ्यांचे कान बिघडवले. तुमच्या मुद्रितशोधकांना कोपरापासून नमस्कार सांगा.

सीमेवरची: अहो काका, आम्ही बेळगावकडचे जन्मापासून 'मराठी भाषिक' आहोत. फलकांवर तेच, निवेदनांत तेच. आता या वयात कळतंय की मी माणूस नसून विशेषण आहे.

ठोंब्या: ओवीताई, 'चिनीनीस' घ्या. फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस, तसा हा.

जुनाजाणता: 'नीस' म्हणजे नवीस, लिहिणारा. ताईंना बोलणारा हवाय. शिवाय शब्द फारसी. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो काय असले शब्द परत आणायला? वाकनीसाचा 'मंत्री' झाला तेव्हा.

ठोंब्या: झाला, आणि पारसनीस आडनाव अजून दारावर आहे. लोकांनी ठेवलं ते टिकलं.

सदाफुली: 'मंत्री'वरून आठवलं! चिनी भाषेला आपण मँडरिन म्हणतो ना, तो शब्दही मंत्रीच. मलायी लोकांनी 'मंत्रिन्'चं 'मन्तरी' केलं, ते पोर्तुगीजांनी उचललं आणि चीनच्या दरबारी अधिकाऱ्यांना लावलं. पुढे त्या अधिकाऱ्यांच्या बोलीलाही तेच नाव पडलं. चिनी लोक स्वतः आजच्या प्रमाणभाषेला 'फुथुंगह्वा' म्हणतात, म्हणजे सर्वसामान्यांची बोली. तेव्हा 'मंत्रीभाषक' हा अस्सल घरचा शब्द, जुनाजाणतांनाही चालेल.

ठोंब्या: मंत्र्यांची भाषा बोलणारे? ते रोज टीव्हीवर दिसतात की.

ओवी: मंडळी, गुरुवार!

उंबरठा: चिनीत काय म्हणतात ते आधी बघू. 'लाओवाय' म्हणजे परदेशी माणूस. त्याला भाषा येवो न येवो, तो लाओवायच. दुसरा शब्द 'चुंगकुओ-थुंग'. चुंगकुओ म्हणजे चीन, आणि थुंग म्हणजे आरपार गेलेला. आपला 'पारंगत' तंतोतंत असाच आहे, पैलतीराला पोचलेला. पण हा शब्द देशाच्या जाणकाराला लावतात, नुसतं बोलता येण्याला नव्हे. बाकी मी नव्वदच्या दशकात तिथे शिकत होतो तेव्हा गोऱ्या वर्गमित्राने दोन वाक्यं धड बोलली की लगेच 'ता शान'शी तुलना. ता शान म्हणजे कॅनडाचा मार्क राउसवेल. १९८८ साली तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीवर एका प्रहसनात झळकला, मग श्यांगशंग शिकला. श्यांगशंग म्हणजे बहुधा दोघांनी रंगवायची विनोदी सवालजवाबी. म्हणजे सामान्यनामाची गरज पडली तेव्हा त्यांनीही एका विशेषनामावरच भागवलं.

सदाफुली: मग आपण तरी काय करतो? मात्तेओ रिच्ची १५७८ साली गोव्यात उतरला, १५८२ मध्ये मकावला गेला आणि चिनी शिकून तिथलाच झाला. थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि ओव्या रचल्या. पाद्री दोघेही, पंथ एकच. स्टीफन्ससाठी चारशे वर्षांत आपण शब्द केला का? 'मराठीत लिहिणारा इंग्रज पाद्री' असंच सांगतो. चार शब्द लागतात ते लागतातच.

परदेशी_धुळे: मला वाटलं हा धागा माझ्यावरच काढलाय. माझं आडनाव परदेशी, राहणार धुळे, आणि माल आणायला ईवूच्या बाजारात जात असल्यामुळे चिनी बोलतो. चिनी बोलणारे परदेशी, हजर! तिकडचा एक अनुभव सांगतो. पहिल्या खेपेला मी 'नी हाओ' एवढंच म्हणालो तर दुकानवाली बाई म्हणाली, 'नी द चुंगवन हन हाओ', तुमचं चिनी फार छान. पाचव्या खेपेला अर्धा तास घासाघीस केली, तेव्हा कौतुक बंद. गणकयंत्र माझ्याकडे सरकवून म्हणाली, शेवटचा भाव तुम्हीच टाका.

सीमेवरची: दादा, 'परदेशी' आडनाव म्हणजे मूळचे उत्तरेकडचे ना?

परदेशी_धुळे: हो ताई. चार पिढ्या इथे मराठी बोलून आम्ही अजून परदेशीच.

ओवी: पान गेलं. आत सतराही ठिकाणी 'चिनी बोलणारे परदेशी' केलं. मथळा मात्र तसाच राहिला. सकाळपासून तीन फोन आले: लेखात चिनी माणसं कुठे आहेत?

कडुलिंब: उशिरा आलो. 'चिनी' ऱ्हस्व की दीर्घ हे ठरलं का? चीन दीर्घ आहे म्हणून विचारतो.

जुनाजाणता: चीन, पण चिनी. जमीन, जमिनी. हे शाळेत झालंय.

कडुलिंब: मग दालचिनी? त्यात डाळ कुठून आली?

सदाफुली: डाळ नाही हो, फारसीतलं 'दारचीनी', चीनचं लाकूड.

ठोंब्या: फारसी! काका, स्वयंपाकघरातून काढा आता.

उंबरठा: 'नीस' चिनीत चाललं नाही असं नाही बरं का. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, भाषा शिकले, तिथेच लग्न केलं, १९४२ मध्ये तिथेच गेले. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांना शेवटी 'हुआ' जोडलं होतं. हुआ म्हणजे चीन. ते झाले ख तिहुआ.

जुनाजाणता: त्यात 'नीस' गळलंच की.

ठोंब्या: बरं, कोटणीस म्हणजे कोटाचा नवीस ना? कोट म्हणजे किल्ला?

सीमेवरची: यावर वेगळा धागा काढा, मला बरंच सांगायचंय.