सटोडियाच्या आयुष्यावरचा जुना हॉलीवूडपट सुचवा (बाबांसोबत बघायचाय)

रविवारदुपार
बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. सगळी नोकरी दलाल स्ट्रीटवर एका दलालाच्या पेढीत झाली. शेअर सर्टिफिकिटांचे गठ्ठे समोर घेऊन ट्रान्सफर फॉर्मवरच्या सह्या ताडून बघायच्या, हे त्यांचं काम. कागद उडू नयेत म्हणून मे महिन्यातसुद्धा टेबलावरचा पंखा बंद ठेवायचे. जुने कृष्णधवल इंग्रजी चित्रपट त्यांना मनापासून आवडतात. दिवाळीत मी आठवडाभर घरी आहे. खऱ्याखुऱ्या सटोडियावर बेतलेला, १९५० च्या आधीचा एखादा चित्रपट सांगाल का?

जुनी_रीळ
डोळे झाकून 'द टोस्ट ऑफ न्यूयॉर्क' लावा. आरकेओ स्टुडिओचा, १९३७ चा, दिग्दर्शक रोलंड व्ही. ली. जिम फिस्क या माणसाची गोष्ट आहे. एडवर्ड अर्नोल्ड फिस्क झालाय, सोबत तरुण कॅरी ग्रँट आणि फ्रान्सिस फार्मर. अर्नोल्डसाठी तरी बघाच. तो माणूस खोलीत आला की बाकीचे आपोआप कडेला सरकतात.

फिस्क व्हरमाँटचा. फेरीवाल्याच्या गाडीवरून वर आलेला. १८६८ मध्ये रेल्वेतला बडा धनिक कॉर्नेलियस व्हँडरबिल्टने एरी रेल्वे ताब्यात घ्यायला बाजारातून शेअर उचलायला सुरुवात केली. फिस्क, जे गोल्ड (Jay Gould) आणि डॅनियल ड्रू हे तिघं त्या कंपनीत आत बसलेले. त्यांनी शेअरमध्ये बदलता येणारे रोखे काढले, लगेच बदलून घेतले आणि ताजे शेअर बाजारात ओतले. व्हँडरबिल्ट घेतोय आणि हे छापताहेत! अटकेचं वॉरंट निघाल्यावर तिघं पैशांसह हडसन ओलांडून जर्सी सिटीतल्या एका हॉटेलात जाऊन बसले. न्यूयॉर्कच्या न्यायाधीशाचा हुकूम नदीपलीकडे, म्हणजे न्यू जर्सी राज्यात, चालत नव्हता. तुमच्या बाबांना हा भाग समजावून सांगावा लागणार नाही. नव्या छपाईने जुन्या शेअरची किंमत कशी घसरते, हे सर्टिफिकिटं हाताळलेल्या माणसाइतकं कुणाला कळणार?

आधी एक सांगून ठेवा. चित्रपटात जे गोल्ड नाहीच. सगळं डोकं त्याचं होतं, आणि त्यालाच वगळलंय. मला हे फार खटकतं, कारण त्यामुळे फिस्क एकट्याच्या हिमतीवर खेळणारा वाटतो. कॅरी ग्रँटचा निक बॉइड हे पात्रही कल्पित आहे.

मधलीसुट्टी
फिस्कने सोन्याचा बाजार अडवला होता, ती सोन्याची कोंडी आहे का त्यात? ती नीट समजते का?

जुनी_रीळ
आहे, पण पडद्यावर ती घाईत उरकली जाते. म्हणून इथेच लिहितो.

यादवी युद्धाच्या काळात, १८६२ पासून, अमेरिकेत कागदी नोटा चालू झाल्या. त्यांच्या बदल्यात सरकार सोनं देत नव्हतं, त्यामुळे सोन्याला नोटांत रोजचा भाव फुटायचा. आयातदारांना जकात सोन्यातच भरावी लागे, म्हणजे त्यांना सोनं घेणं भागच. १८६९ मध्ये गोल्ड आणि फिस्कने न्यूयॉर्कच्या बाजारातलं सोनं गोळा करायला घेतलं. भाव पडेल या आशेने मंदीवाले हातात नसलेलं सोनं आधीच विकून बसलेले. सोनं यांच्याकडे, मग म्हणतील तो भाव. धोका एकच, सरकारने तिजोरीतलं सोनं विकायला काढलं तर. तो टाळायला त्यांनी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या मेव्हण्याला, एबल कॉर्बिनला, हाताशी धरलं.

२४ सप्टेंबर १८६९, शुक्रवार. भाव (सोन्याच्या शंभर डॉलरला इतके कागदी डॉलर) १६० च्या वर गेला. तेवढ्यात सरकारने ४० लाख डॉलरचं सोनं विकायचा हुकूम काढला आणि भाव काही मिनिटांत १३५ च्या आसपास कोसळला. गोल्ड आधीपासूनच गुपचूप विकत होता. फिस्कने आपल्या नावावरचे सौदे चक्क नाकारले. बुडाले ते त्यांच्यामागे धावलेले लहान दलाल.

चित्रपटाने फिस्कचा शेवट या कोसळण्याला जोडलाय. प्रत्यक्षात त्यानंतर तो दोन वर्षं थाटात जगला. ६ जानेवारी १८७२ ला एडवर्ड स्टोक्सने ग्रँड सेंट्रल हॉटेलच्या जिन्यावर त्याच्यावर गोळ्या झाडल्या, दुसऱ्या दिवशी तो गेला. भांडण फिस्कची प्रेयसी जोसी मॅन्सफिल्ड हिच्यावरून आणि पैशांवरून होतं. १९३७ च्या सेन्सॉर नियमांत हे प्रकरण जसंच्या तसं दाखवणं शक्य नव्हतं. फ्रान्सिस फार्मरच्या वाट्याला आलेली जोसी इतकी सोज्वळ आहे ती त्यामुळेच.

अंबरनाथकर
+१. सोबत 'द मॅच किंग' (१९३२) घ्या. दीड तासाच्या आतला आहे. वॉरन विल्यमने केलेलं पात्र स्वीडनच्या इव्हार क्रूगरवर बेतलंय. सरकारांना कर्ज द्यायचं आणि बदल्यात काडेपेटीची मक्तेदारी घ्यायची, हा क्रूगरचा धंदा. पैसा कमी पडला तेव्हा त्याने इटली सरकारचे खोटे रोखे तयार केले. मार्च १९३२ मध्ये पॅरिसमध्ये त्याने आत्महत्या केली आणि त्याच वर्षी चित्रपट आला!

माझ्यासाठी तो घरचा विषय आहे. अंबरनाथची विम्को, म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, क्रूगरच्याच स्वीडिश मॅचने उभी केलेली. आम्ही रोज 'विम्को नाका' म्हणतो, पण त्यामागचा माणूस मला या चित्रपटामुळे कळला. बाबांना हे नक्की सांगा.

जुनी_रीळ
उत्तम सुचवण. माझा क्रम: आधी 'मॅच किंग', दुसऱ्या दिवशी 'टोस्ट'. दोन्ही एका बैठकीत नकोत, ८१ व्या वर्षी डोळे थकतात.

रविवारदुपार
सगळ्यांचे मनापासून आभार. पाडव्याला 'टोस्ट' बघितला. एरीचे शेअर छापायचा भाग आला तसा बाबांनी रिमोट मागून घेतला आणि चित्र थांबवलं. म्हणाले, "हे शेअर घेणाऱ्याचं नाव नोंदवहीत चढवणारा कारकून कुठेय? त्याला तर सगळं दिसत असणार." मग पाऊण तास ते पेढीवरच्या नोंदवह्यांबद्दल बोलत होते. मी आजवर कधीच न ऐकलेलं. शेजारी आई फराळाचं ताट घेऊन बसलेली, तिनेही पहिल्यांदाच ऐकलं म्हणे.

'मॅच किंग' भाऊबीजेनंतर लावतोय. अंबरनाथकर, विम्कोचं सांगितलं त्यांना. काडेपेटी हातात घेऊन बराच वेळ बघत होते.