हौसेची शेती, घरचा गोठा: सगळे मिळून शेवटचं गावाला कधी गेला होतात?

मुळशीहून

दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की आमच्या घरी पहिला प्रश्न तिकिटांचा नसतो. शेळ्यांजवळ कोण थांबणार, हा असतो. तीस गुंठ्यांत आमचं घर आहे, भाजीचे वाफे, थोड्या उस्मानाबादी शेळ्या आणि गावरान कोंबड्या. दोघांच्याही नोकऱ्या चालू आहेत, म्हणजे आमचं पोट या शेतीवर नाही. पण शेळ्यांचं पोट आमच्यावर आहे!

जमीन कशी घेतली, सातबाऱ्यावर नाव कसं लागलं यावर आजवर भरपूर बोलून झालंय. इथे घरातलं लिहा. कामं कोणाकडे असतात, मुलं किती हात लावतात, आजी-आजोबा काय म्हणतात आणि मुख्य म्हणजे बाहेरगावी जाताना काय करता?

आमच्याकडे शेळीला बोकड दाखवला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण होते. तिथून पाच महिने मोजायचे. नातेवाइकांच्या लग्नाच्या तारखाही त्याच कॅलेंडरवर. यंदा मे महिन्यात मामेभावाचं लग्न आणि आमच्या चांदी शेळीचं वेत एकाच आठवड्यात आलं. मी आणि लेक लग्नाला गेलो, नवरा थांबला. भर पंगतीत त्याचा व्हिडिओ कॉल आला, दोन करडं! वाढपी जिलबीचं ताट घेऊन फोनमध्ये बघत उभे.

गुहागरहून

आमच्याकडे उलट आहे. आम्ही जात नाही, मे महिन्यात सगळे आमच्याकडे येतात. त्यातही काम करणारे किती आणि आंबे खाणारे किती ते विचारू नका. रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसवलं की पोरांचे हात लाल होतात आणि बिया एकमेकांना मारण्यात दुपार जाते. सालं रसात बुडवून उन्हात घालणं, पुन्हा बुडवणं, पुन्हा घालणं हे मात्र सासूबाईंच्या नजरेखालीच. वानर हाकलायची पाळी पाहुण्यांच्या पोरांवर असते आणि ती ते मनापासून करतात.

कोंबड्या सासूबाईंच्या. एखादी खुडूक झाली की टोपलीत अंडी मांडून तिला बसवायची आणि प्रत्येक अंड्यावर कोळशाने रेघ ओढायची. दुसऱ्या कोंबड्या त्याच टोपलीत अंडी घालून जातात, त्यामुळे बिनरेघेचं अंडं रोज उचलून घरात आणायचं. आठवडाभराने माझा मुलगा रात्री अंडी बॅटरीवर धरून बघतो. आत शिरांचं जाळं दिसलं तर ठेवायचं. एकविसाव्या दिवसाच्या आसपास तो शाळेत जायला कटकट करतो.

इगतपुरीहून

आमची एकच गाय, डांगी. इथल्या पावसाला हीच जात टिकते, कातडी तेलकट असल्याने पाणी अंगावर फारसं ठरत नाही. आता अडचण ऐका. ती पान्हा सोडते फक्त आईच्या हाताला. वासरू आधी लावा, चाटायला द्या, ढेप पुढे ठेवा, काही करा. दुसरं कोणी कासेला हात लावला की पाय उचलतेच.

आईला निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला चालत जायचं होतं. नोकरीत असताना जमलं नाही, निवृत्त झाली तर गाय आली. बाबांनी मग सराव सुरू केला. कोणीतरी सांगितलं म्हणून आईचं जुनं पातळ अंगावर घेऊन ते धारेला बसले. बहिणीने फोटो काढलाय, तो बाहेर जाऊ द्यायचा नाही अशी तंबी आहे. पहिले दोन दिवस गाय फसली. तिसऱ्या दिवशी बादली एकीकडे, बाबा एकीकडे.

शेवटी मार्ग आईनेच काढला. गाय दिवाळीनंतर माजावर आली तेव्हाच फळवून घेतली. म्हणजे वीत श्रावणात. विण्याआधी दोन महिने दूध आटवायचंच असतं, तो भाकड काळ बरोबर आषाढीच्या तोंडावर आला. धारच नाही, तर बाबांना फक्त वैरण-पाणी आणि शेण काढणं. आई वारी करून आली, आणि पुढे खरवसही तिच्याच हातचा मिळाला. बाबा अजून म्हणतात, की त्यांच्या हाताला गाय सरावत आली होती.

जुन्नरहून

आमच्याकडे कोण थांबणार हा प्रश्न रात्रीचा असतो. बिबट्या. आजूबाजूला ऊस, त्याला लपायला तीच जागा. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आमच्यापासून जवळच आहे, त्यामुळे हा विषय घराघरांत. गोठ्याला वरूनसुद्धा जाळी मारून घ्या, नुसत्या भिंतीवर भरवसा ठेवू नका. अंधार पडला की मुलं एकटी परसात जात नाहीत. वृद्ध आई-वडिलांना एकटं ठेवून आम्ही रात्री मुक्कामाला जात नाही, संपलं.

मेलबर्नजवळून

इथे भारतवारी म्हणजे डिसेंबर-जानेवारी, शाळेची मोठी सुट्टी. नेमका तोच इथला कडक उन्हाळा. चाळीसच्या वर पारा गेला की कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकतात. सावली, दोन ठिकाणी गार पाणी, वाफ्यांना पाणी, शिवाय वणव्याच्या दिवसांत इशाऱ्यांकडे लक्ष. एवढं सगळं शेजाऱ्यांवर टाकणं अवघड. म्हणून नवरा-बायको पाळीपाळीने जातो. मुलं आलटून पालटून एकाबरोबर. पुण्यात आजी विचारते, "तुमचं भांडण तर नाही ना?"

कोल्ह्यांसाठी खुराड्याची जाळी जमिनीतही गाडलीय. मेथी इथल्या थंडीत झकास येते, कढीपत्ता मात्र कुंडीतून घरात-बाहेर करावा लागतो.

डोंबिवलीहून

शेती नाही, गॅलरी आहे. तिच्यात तुळस आणि कपडे. पण वरचं वाचून विचारतो, दिवाळीत कोणाला गोठ्यावर थांबायला माणूस हवाय का? लहानपणी आजोळी धार काढलेली आहे.

मुळशीहून

हवाय! धनत्रयोदशीला या, हाताखाली एक दिवस बघून घ्या. धार सकाळी सहाला. कोंबड्यांचं दार पूर्ण अंधार पडल्यावरच लावायचं, लवकर लावलं तर दोघी-तिघी पेरूवर राहतात. बोकडाकडे पाठ करायची नाही. फराळ डब्यात भरून ठेवीन, तो मात्र शेळ्यांपासून लांब ठेवा.