'पाटी फेका' म्हणणाऱ्या पप्पांना

बालवाडीवाली_सक्करदरा:
काल इथं कोणीतरी लिहिलं, 'पाटी फेका, माझी साडेतीन वर्षांची मुलगी टॅबवर अख्खी मुळाक्षरं गिरवते.' वाचून डोकं भणाणलं, म्हणून लांबड लावते. टॅबवर बोट वाकडं गेलं तरी अक्षर सरळच उमटतं, वरून टाळ्या. आपलं कुठं चुकलं हे लेकराला कळणार कसं? आमच्याकडे पोट्टे आधी रेतीत बोट फिरवतात, चिंचोके मांडून 'ग' करतात. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी उभी केली ती आजूबाजूला सापडेल त्या वस्तूंवर. चार्जर नव्हता लागत.

पप्पा_मानेवाडा:
ती पोस्ट माझीच, ताई. मी रात्री आठला घरी येतो, बायकोची दवाखान्यात दुपारपाळी. गोष्ट सांगायला आहे कोण? टॅबमधली बाई रोज सांगते, कंटाळत नाही. ताराबाई बोर्डीला होत्या, मानेवाड्यात नाही.

बालवाडीवाली_सक्करदरा:
ती बाई मधेच थांबून 'आता कोल्हा काय करंल?' असं विचारते का? आणि विचारलं तरी उत्तर ऐकते का? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ लाच सांगून ठेवलंय, या वयाला दिवसाकाठी फार तर एक तास स्क्रीन. तुमचा तास कधी संपतो?

महालचे_मास्तर:
ते सोडा. त्या टॅबातला 'ल' पाहिला का कोणी? हिंदीचा, दांडीचा! आपला ल पाकळीचा, श देठाचा. सरकारनं २००९ ला आदेश काढलाय. माझ्या नातवानं टॅबवरचा ल शाळेत काढला, बाईंनी खोडला. रडत घरी आला पोट्टा.

फुटाळा_काठ:
मास्तर, नागपुरात बर्डीच्या बाजारात कितीतरी दुकानांच्या पाट्यांवर तोच ल आहे. आता लेकरं बर्डीवर न्यायची नाहीत का?

महालचे_मास्तर:
आज ल सोडा, उद्या ळ सोडाल!

फुटाळा_काठ:
ळ तर आमच्या आजीनंच सोडला होता. 'डोया', 'केयं' असंच बोलायची. माझी भाचीही तशीच बोलते. ॲप म्हणते 'केळं म्हण', ती म्हणते 'केयं'. ॲप: 'पुन्हा प्रयत्न कर.' सात वेळा! आठव्यांदा तिनं टॅब गादीखाली कोंबला.

महालचे_मास्तर:
मग ॲप बरोबरच आहे की.

बालवाडीवाली_सक्करदरा:
काय बोलून राहिले मास्तर तुम्ही? पोरगी आजीची बोली बोलते, तिला पहिल्याच दिवशी नापास करायचं? मी 'केयं' ऐकते, 'हो गं, पिवळं पिवळं केळं' म्हणते आणि पुढं जाते. महिन्या-दोन महिन्यांत ळ आपसूक येतो.

महालचे_मास्तर:
म्हणे आपसूक येतो! मी छत्तीस वर्षं पेपर तपासले, मला नका सांगू.

पप्पा_मानेवाडा:
चालू द्या तुमचं ल-ळ. ताईंचं ऐकून काल टॅब बाजूला ठेवला, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाची गोष्ट सांगितली. मधे थांबून विचारलं, 'बैल कुठं गेला असंल?' पोरगी झोपली होती. धन्यवाद.

बालवाडीवाली_सक्करदरा:
एका दिवसात नाही होत ते. बरं, तुमच्या समाधानासाठी सांगते. मागं दोन भावंडं आली, घरी गोंडी. पंधरा दिवस तोंड उघडलं नाही. शेवटी त्यांच्या आईच्या आवाजात गोष्ट मोबाइलात भरून आणली, वर्गात लावली. धाकटा उठून नाचायलाच लागला. एवढं तुमच्या यंत्राला देते, जास्त नाही.

पप्पा_मानेवाडा:
दिलं तेवढं घेतो. मास्तर, ॲपमध्ये ल बदलायची सोय कुठं असते? तासभर शोधून राहिलो.